दर्भाची काडी

इंगवले सरांनी पाण्याच्या हंड्यात दर्भाची काडी टाकली आणि चष्मा सावरून ती नीट बुडाली का ते बघितलं. मग वर एक तुळशीचं पान ठेवलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हा सोहळा बघत होते. मला सहावा महिना लागला होता. उजव्या छातीत पेरूएवढी गाठ होती आणि त्याच दिवशी दुपारी कोल्हापूरच्या हॉस्पिटलात मला पहिली केमो द्यायची ठरली होती. तरी मला हसू आलं.

"हसायला काय झालं?" सरांनी विचारलं.

"काही नाही. दर्भ उलटा पडलाय."

दर्भाला उलटं-सुलटं असं काही नसतं. पण सरांना काय ठाऊक. त्यांनी बोटं बुडवून काडी काढली, फिरवली आणि पुन्हा पाण्यात सोडली.

हे सर म्हणजे माझे सासरे. अख्खं गडहिंग्लज त्यांना सर म्हणतं, त्यांची बायकोसुद्धा. जन्मभर हायस्कुलात विज्ञान शिकवलं, वर तालुक्याच्या विज्ञान मंडळाचे अध्यक्ष. ग्रहण आलं की सर पोरांना मैदानावर न्यायचे, काळ्या काचा वाटायचे, आणि ग्रहण ऐन भरात आलं की सगळ्यांच्या देखत टेबलावर मिसळ आणि पाण्याचा ग्लास ठेवून खायला बसायचे. दुसऱ्या दिवशी पेपरात मिसळीसकट फोटो. मुलगा झाला त्या वर्षी भास्कर नावाचा उपग्रह आकाशात गेला होता, म्हणून मुलाचं नाव भास्कर. तो उपग्रह पृथ्वीभोवती फिरला, आमचा भास्कर सरांभोवती.

मी गुरवाची पोर. नेसरीच्या वरच्या अंगाला आमचं गाव, गावात रवळनाथाचं देऊळ आणि देवाची पूजा आमच्या घरात. मी शाळेत सरांच्याच हाताखाली शिकले. त्यांनी मला आपल्या मुलासाठी मागणी घातली तेव्हा आमच्या बापूंना, माझ्या वडिलांना, गगन ठेंगणं झालं. हुंडा नाही, मानपान नाही, सरळ रजिस्टर लग्न. पुढे मात्र प्रत्येक व्याख्यानात माझा नंबर यायचा. "आम्ही नुसतं बोललो नाही, देवळातली मुलगी विज्ञानाच्या घरात आणली," असं सर म्हणायचे, लोक टाळ्या वाजवायचे, आणि मी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसायचे. जनावरांच्या प्रदर्शनात बैलाला निदान पेंड तरी घालतात.

गाठ मला तिसऱ्या महिन्यातच लागली होती. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, हात लावून म्हणाल्या, "दुधाची आहे. पहिलटकरणीला होतं." मग हळदीचा लेप झाला, कोबीची पानं बांधून झाली. सरांच्या एका डॉक्टर झालेल्या विद्यार्थ्याने न तपासताच गोळ्या दिल्या, कारण सरांच्या सुनेला पदर बाजूला करा कसं म्हणायचं. असा हा सगळा विज्ञानाचा कारभार. वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली तेव्हा मी हट्ट धरला आणि भास्करला घेऊन कोल्हापूर गाठलं.

तिथल्या डॉ. हेरवाडकर बाई मोजकं बोलायच्या. गाठीचा तुकडा तपासून आल्यावर त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं.

"कॅन्सर आहे, आणि बराच पुढे गेलेला आहे. काखेतही उतरलाय. पण सहाव्या महिन्यात काही औषधं देता येतात. बाळाचे अवयव तयार झालेले असतात, ते सहसा सहन करतं. आम्ही दर वेळी बाळाचं वजन, ठोके सगळं बघू. बाळंतपणाच्या आधी थांबू. ऑपरेशन आणि रेडिएशनचा शेक नंतर."

"बाळाला काही होणार नाही ना?" भास्करने विचारलं.

"शंभर टक्के असं कुणी सांगत नाही. पण आता सुरू केलं तर दोघांनाही संधी आहे. बाळंतपणापर्यंत थांबलात, तर यांच्याबद्दल मी काही कबूल करणार नाही."

'यांच्याबद्दल' म्हणताना बाईंनी माझ्याकडे बोट केलं. भास्कर बाईंकडेच बघत राहिला.

शुक्रवारची तारीख ठरली. घरी आल्यावर सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, दोनदा 'हं' म्हणाले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर जाऊन उभे राहिले.

"शुक्रवारी सूर्यग्रहण आहे," ते म्हणाले. "आदल्या दिवशी संक्रांत. म्हणजे किंक्रांतही तीच, अमावास्याही तीच."

मला वाटलं, आता काळ्या काचांची गोष्ट निघणार. पण सर म्हणाले, "माझं सोड, मी मानत नाही. पण तुझ्या आत्यांच्या मनाला लागेल. पोटुशी बाई ग्रहणात घराबाहेर, वर अंगात सुई. सोमवारी जाऊ. तीन दिवसांनी काय फरक पडतो?"

आत्या तिथेच शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली, सरांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हो, लागेल." लग्नाच्या पहिल्या वर्षीच सरांनी या बाईकडून ग्रहण सोडवलं होतं. नवऱ्याने सांगितलं म्हणून सोडलं आणि आता नवऱ्याने सांगितलं म्हणून धरलं. बाई कमालीची सोयीस्कर होती.

मी आईला फोन केला. वाटलं होतं, ती तरी म्हणेल जा. पण आई घाबरली. आमच्या घरात ग्रहण म्हणजे चेष्टा नाही. देऊळ बंद होतं, आई देवघरासमोर ताठ बसते, पाण्याचा थेंब घेत नाही, आणि ग्रहण सुटलं की देवाला आंघोळ घालून सबंध देऊळ धुऊन काढते.

"गरवार बाई ग्रहणात सुई हातात धरत न्हाई, वैजू," ती म्हणाली. "आन तू अंगात टोचून घेणार? वठ फाटका येतोय लेकराचा. आमच्या गावात झालंय तसं." मग म्हणाली, "तुझ्या सासरची माणसं शिकलेली हाईत. ती सांगतील तसं कर."

शिकलेली माणसं सोमवारी म्हणत होती. मी सोमवारला तयार झाले.

आता खरी गंमत. ग्रहण पाळायचं ठरलं खरं, पण पाळतात कसं हे त्या घरात कुणालाच येईना. सरांना ग्रहण सोडायचंच ठाऊक, आत्या सगळं विसरलेल्या. मला विचारायची लाज. मग संक्रांतीच्या संध्याकाळी, तिळगूळ वाटून झाल्यावर, आत्यांनी माझ्या आईलाच फोन लावला. विहीणबाई, दर्भ कुठे ठेवायचा? पाण्यात की पिठावर पण? पोटुशीने झोपायचं की बसायचं? विळीला हात लावला तर चालतो का? आईने एकेक करून सगळं सांगितलं. आत्यांनी मान डोलावत ऐकलं आणि फोन ठेवला. गोड बोलण्यात आमच्या घराचा हात कुणी धरला नसता.

तर शुक्रवारी सकाळी दर्भ पाण्यात पडला आणि मला मधल्या खोलीत बसवलं. खिडकीला चादर लावली. आत्या दाराशी पाट टाकून बसल्या, मी हलते का बघायला. बाहेर सर येरझारा घालत होते. सवयीचा माणूस, ग्रहणाच्या दिवशी मैदानावर नाही म्हणून त्यांना करमत नव्हतं. मैदानावरून फोन येत होते आणि सर घसा धरून सांगत होते, "बरं नाही रे. ताप आहे."

छातीत ठणका लागला होता. पोटात पोर लाथा मारत होतं. खाली बसून बसून कंबर मोडली होती. मी म्हटलं, "आत्या, पाणी."

"ग्रहण लागलंय गं," त्या म्हणाल्या आणि मग, स्वतःलाच खात्री नसल्यासारख्या, "चालतं का?"

तेवढ्यात बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. उसाचा ट्रक. कारखाना काही ग्रहण पाळत नाही. ट्रकच्या केबिनमधून माझी आई उतरली. नऊवारीचा काष्टा घट्ट, डोक्यावरून पदर, दातांत तुळशीचं पान. भर ग्रहणात उन्हात आलेली माझी आई मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. मी पाय मोकळे केले आणि उठून बाहेर आले. आत्या 'अगं, अगं' करत मागे.

"विहीणबाई, तुम्ही? ग्रहण लागलंय की," आत्या म्हणाल्या.

"लागलंया," आई म्हणाली. तिने पान गालात सरकवलं आणि सरांकडे वळली. "इवाई, काल विहीणबाईंनी इचारलं ते समदं म्या सांगितलं. सांगून झालं आन ध्यानात आलं, पोरीची तर उद्याच तारीख. ती गेली असंल तर पाळणार कोण, आन पाळणार असंल तर जाणार कवा?"

"सोमवारी जाणार आहोत," सर म्हणाले. "तीन दिवसांचा प्रश्न आहे."

"सोमवारी नक्की?"

"म्हणजे, पौष आहे. तुमच्याकडे पौषात काही करत नाहीत ना?"

"पौषात लगीन करत न्हाईत, इवाई. दवाखाना करत्यात." आई तिथेच उंबऱ्यात उभी होती, आत आली नव्हती. "आन पौष तर आजच्या अवसंला सरतोय. मंग सोमवारी?"

"मग बघू."

"माघात काय हाय?"

सरांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसायला घेतला. भास्कर गाडीच्या किल्ल्या हातात घेऊन शेजारी उभा होता. त्याला ते पाहवेना.

"आई, सरांनी हॉस्पिटलला कळवलंय," तो माझ्या आईला म्हणाला. "परवाच. बाळंतपण झाल्यावर येतो म्हणून."

मी भिंत धरली. सोमवार नव्हताच. ग्रहण सुटलं की पौष, पौष नाही तर माघ, मग आणखी काही, असं करत मला मे महिन्यापर्यंत घरात बसवायचं ठरलं होतं. डॉक्टरबाईंनी बोट करून दाखवलेली ती मी, आणि माझ्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होतं.

"मला का नाही सांगितलं?" मी भास्करला विचारलं.

त्याने सरांकडे बघितलं.

"मी सांगतो," सर म्हणाले. आवाज वर्गातलाच, मऊ. "वैजयंता, मी सगळं वाचून काढलंय. या अवस्थेत पोचल्यावर आईची फारशी खात्री कुणी देत नाही. मग जो जीव अजून जगात आला नाही, त्याच्या अंगात विष का घालायचं? भावना बाजूला ठेवून विचार कर. दोन्ही जाण्यापेक्षा निदान एक तरी पदरात पडेल."

"कुणाच्या पदरात, सर?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"आणि ग्रहण? ग्रहण कशाला मध्ये आणलं?"

"तुला शास्त्र पटलं नसतं," सर म्हणाले, आणि हे बोलताना त्यांना खरोखर माझी कीव आली असावी. "तुझे संस्कार वेगळे. ग्रहण म्हटलं की तू ऐकशील असं वाटलं. आणि ऐकलंस की."

ऐकलं होतं, हेही खरं. माझा राग अजून तिथेच अडकलाय. हा माणूस गावोगाव फिरून लोकांना सांगायचा, ग्रहणाला भिऊ नका. आणि माझ्या आईसारख्या ज्या बाईच्या भीतीवर तो भाषणं करायचा, तिचीच भीती त्याने माझ्यासाठी फोनवरून मागवून घेतली. तीही तिळगुळाच्या दिवशी.

आईने हे सगळं ऐकलं. तिला 'शास्त्र' कळलं असेल-नसेल, 'एक तरी' मात्र कळलं. तिचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"वैजू, तुला जायचंय?" तिने विचारलं.

"हो."

"मंग चल. तुझं ग्रहण मी पाळते."

"असं चालतं?" आत्यांनी विचारलं. त्या बाईला अजूनही नियमांचीच काळजी.

"न चालायला काय झालं? काल तुमी मलाच इचारलंत न्हवं? आज बी मीच सांगते. आजारी माणसाला येध न्हाई आन औषधाला इटाळ न्हाई. ऱ्हायली ती पोटुशी, तिच्या जागी मी बसते."

मी पिशवी उचलली. भास्कर वाटेत उभा होता. किल्ल्या बोटांत वाजवत होता. मी त्याच्यासमोर थांबले, कारण आठ किलोमीटर असो की ऐंशी, बाई शेवटी नवऱ्याच्या गाडीची वाट बघतेच. तो म्हणाला, "सरांशी एकदा नीट बोलून घेऊ ना." आणि किल्ल्या वाजवत राहिला. मी पायऱ्या उतरले.

एस.टी. रिकामी होती. रस्त्यावर कुत्रं नाही. ऊन पातळ झालं होतं, भर दुपारी दिवेलागणीसारखं. आईने खिडकीची काच ओढली, पदर माझ्या पोटावर घातला आणि डोळे मिटून घेतले. मी हॉस्पिटलला फोन लावला. डॉ. हेरवाडकर बाई स्वतः फोनवर आल्या.

"मला वाटलं तुम्हीच ठरवलंत," त्या म्हणाल्या.

"मला कुणी विचारलंच नाही, मॅडम."

"या. मी थांबते."

खाटेवर झोपवून त्यांनी आधी बाळाचे ठोके ऐकले. मग सलाईन, मग उलटीचं औषध, मग ते लाल. रसनासारखा रंग. ते नळीतून खाली यायला लागलं तेव्हा मी आईकडे बघितलं. ती खाटेशेजारच्या स्टुलावर पाय सरळ सोडून, दोन्ही पंजे मांडीवर उताणे ठेवून बसली होती. बोटं जुळवायची नाहीत, वाकवायची नाहीत, अंग खाजवायचं नाही, पाणी प्यायचं नाही. पोटुशी बाईने पाळायचं ते सगळं ती पाळत होती.

"मावशी, ती बाटली जरा इकडे द्या," नर्स म्हणाली.

"माझ्यानं हलायचं न्हाई, बाई. तूच घे."

"का? पाय दुखतोय?"

"मी गरवार हाय," आई म्हणाली.

नर्सने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "द्या ती बाटली तुम्हीच." आई हसली नाही. माझ्या आईला खरोखर वाटत होतं की त्या लाल थेंबांसरशी माझ्या लेकराचा ओठ चिरतोय, आणि तसं वाटत असूनही ती मला घेऊन आली होती. तेवढं भिऊन कुणी माझ्यासाठी काही केलेलं मला आठवत नाही. मी रडले. तिने रडू दिलं, कारण डोळे पुसायला हात हलवावा लागला असता.

ग्रहण सुटल्याचं खालच्या रस्त्यावरच्या गलक्यावरून कळलं. आई उठली, नळाखाली हातपाय धुऊन आली, आणि मग घटाघटा पाणी प्यायली.

भास्कर संध्याकाळी आला. हातात शहाळं. दारातूनच नर्सला विचारलं, "बाळाचे ठोके बघितले का?"

"बघितले. छान आहेत."

"हालचाल?"

"तीही आहे."

"वजन कधी बघणार?"

नर्स म्हणाली, पुढच्या वेळी. तो 'हुश्श' करून स्टुलावर बसला, आईच्या स्टुलावर, आणि माझ्याकडे न बघता शहाळं कुठे ठेवायचं ते शोधायला लागला.

"जावईबापू," आई म्हणाली. "खाटंवर ही बी हाय. हिचं इचारा."

त्याने माझ्याकडे बघितलं. "बरी आहेस ना?"

मी भिंतीकडे तोंड केलं. सांगितल्यावर विचारलेल्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं. त्या घरात मी परत गेले नाही. केमोचे पुढचे सगळे फेरे मी माहेरून केले, आईबरोबर, एस.टी.ने.

भैरवी मे महिन्यात झाली. किरकोळ अंगाची, पण खणखणीत. आईने तिला हातात घेतलं आणि सगळ्यात आधी वरचा ओठ बोटाने चाचपला. मग खाली बसली. पुढे माझं ऑपरेशन झालं, शेक झाला, केस गेले, केस आले. मी कोल्हापुरात नोकरी धरली. भास्कर महिन्यातून एकदा मुलीला भेटायला येतो, अजून शहाळं घेऊन.

तशी ही गोष्ट इथेच संपायची. पण भैरवी चौथीत असताना पुन्हा एकदा सूर्यग्रहण आलं, किंक्रांतीला नव्हे, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, आणि सरांचं बोलावणं आलं. मैदानावर कार्यक्रम आहे, नातीला घेऊन ये. तोवर माझ्या कानावर आलं होतं की सरांना एक नवीन व्याख्यान मिळालंय, आणि ते आता मिसळीपेक्षा जास्त चालतं. मला ते ऐकायचंच होतं.

निघताना आईने माझ्या पदराला दर्भाची काडी बांधली. ती घरात ग्रहण पाळायला बसली होती, देवघरासमोर, ताठ.

मैदानात पोरं काळ्या काचा लावून वर बघत होती. सर खूप म्हातारे झाले होते. आवाज मात्र वर्गातलाच. टेबलावर मिसळ होती, पाण्याचा ग्लास होता. त्यांनी भैरवीला मंचावर बोलावलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून माइकमध्ये म्हणाले, "ही माझी नात. हिची आई ऐन सूर्यग्रहणात, सहाव्या महिन्यात, केमोथेरपी घ्यायला गेली. लोक म्हणाले, ओठ फाटेल. बघा हा ओठ. आमच्या घरात ग्रहण पाळलं जात नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. भैरवीने गोंधळून तोंड झाकलं. सर म्हणाले, "वैजयंता, ये. दोन शब्द बोल."

मी मंचावर गेले. माइक घेतला नाही. पदराची गाठ सोडली, दर्भाची काडी काढली आणि सरांच्या पाण्याच्या ग्लासात टाकली. सर ग्लासाकडे बघत राहिले.

"सर," मी हळूच म्हटलं, "उलटा पडलाय."

त्यांचा हात आपसूक पुढे आला. सगळ्या गावासमोर त्यांनी बोटं ग्लासात बुडवली, काडी काढली, फिरवली आणि पुन्हा पाण्यात सोडली.